अंगी लागणं

प्लॅस्टर कापायची करवत फिरत नाही, नुसती थरथरते, हे मला त्या दिवशी कळलं. कापणाऱ्या मुलानं ती आधी स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवली. "बघा, कातडीला काही होत नाही." तरी मी डोळे गच्च मिटले. घरघर सुरू झाली, एक कोमट रेघ मांडीवरून घोट्यापर्यंत उतरत गेली, मग कवच फाकवल्याचा कर्रकन आवाज आला आणि सहा आठवड्यांनी पायाला हवा लागली. पाय दिसायच्या आधी त्याचा वास आला, ओल्या पुठ्ठ्यासारखा, जरा आंबूस. कातडी पापुद्र्यांनी सुटत होती, लव नको तिथे वाढली होती. याची मनाची तयारी होती. जिची नव्हती ती गोष्ट म्हणजे मांडी. दोन्ही पाय टेबलावर शेजारी ठेवले तर उजवी मांडी गोल राहिली आणि डावी पसरली, पाणी कमी भरलेल्या पिशवीसारखी. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोन्हीकडे गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटिमीटर वर पेनानं खूण केली आणि टेप गुंडाळली. उजवी ४८, डावी ४४. "होतं असं," त्या म्हणाल्या आणि आकडे वहीत लिहून मोकळ्या झाल्या.

आई शेजारीच उभी होती. तिनं कुणाला न विचारता त्या मांडीवर हात ठेवला, कणीक बघावी तशी जराशी दाबली. "सहा आठवडे रोज दोन अंडी, दूध, कडधान्यं, सगळं वेळच्या वेळी. मग खाल्लेलं गेलं कुठं?"

कुणीच उत्तर दिलं नाही. प्रश्न तसा मला विचारलेला नव्हता. पण आईच्या आवाजात किंचित चीड होती, जणू मी ते खाणं कुठेतरी सांडून आले होते, आणि तिच्यापेक्षा जास्त चीड मला आली होती, कारण मलाही तेच विचारायचं होतं.

खाणं पोटात जातं, पण मराठीत ते 'लागतं' अंगी. "एवढं खाते, पण अंगी म्हणून लागत नाही," हे वाक्य माझं लहानपण संपेपर्यंत आल्यागेल्यासमोर म्हटलं जायचं. मी भिंतीला टेकून ऐकत असायचे. तेव्हापासून माझ्या मनात या क्रियापदाचं एक चित्र पक्कं आहे. अंग म्हणजे भिंत, अन्न म्हणजे गिलावा. थापला की चिकटला पाहिजे. चिकटला नाही तर भिंतीतच काहीतरी खोट. सहा आठवडे पलंगावर पडून मी याच हिशेबानं खात होते. हाड मोडलंय, पाय बंद आहे, आता फक्त गिलावा थापत राहायचं. आई सकाळी अंडी उकडायची, भांड्यातलं पाणी ओतून गार पाण्यात टाकायची, मग ताटलीच्या काठावर टक टक करून कवच सगळीकडून तडकवायची आणि आतल्या पातळ पापुद्र्यासकट एका झटक्यात सोलायची. तिच्या हातून अंड्याचा पांढरा कधी खरवडला जात नाही. माझ्या हातून कायम जातो. ते गुळगुळीत, ओलं, अजून वाफ असलेलं अंडं दोन बोटांत धरून ती माझ्यासमोर ठेवायची, आणि मी ते संपवेपर्यंत तिथेच रेंगाळायची.

त्या एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. ती आत गेल्यावर जे होतं ते गिलाव्याच्या चित्राशी अजिबात जुळत नाही. जठरातलं आम्ल प्रथिनांच्या घट्ट घड्या उलगडतं. खरं तर हे काम अर्धं चुलीवरच झालेलं असतं. बलकाभोवतीचं पारदर्शक, चिकट पाणी पांढरंशुभ्र होतं म्हणजे प्रथिनांच्या घड्याच मोडतात, आणि मोडलेल्या घडीत विकरांना, म्हणजे पचवणाऱ्या एन्झाइम्सना, कात्री घालायला सोपं जातं. माझा दादा सतराव्या वर्षी कच्ची अंडी ग्लासात फोडून नाक दाबून गिळायचा. आरशासमोर उभं राहून, दंड फुगवून, पुन्हा एक. घरभर त्याचा दरारा होता. पुढे १९९८ साली शिजवलेल्या आणि कच्च्या अंड्यांची पचनाच्या दृष्टीनं तुलना झाली, तेव्हा शिजवलेल्यातली ९१ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं पचतात आणि कच्च्यातली जेमतेम ५१ टक्के, असं निघालं. हे मी त्याला गेल्या महिन्यात फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, "म्हणजे मी निम्मं उगाच ओकारी दाबत होतो?"

असो. जठरात पेप्सिन, पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून आलेली ट्रिप्सिनसारखी विकरं, यांच्या कात्रीखाली साखळ्या तुकड्यांच्या होतात, तुकडे आणखी बारीक होतात, आणि शेवटी सुटी अमिनो आम्लं रक्तात उतरतात. ही वीस प्रकारची असतात. त्यातली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. धान्यात त्यातलं लायसिन उणं पडतं, कडधान्यात मेथिओनिन, म्हणून दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढायची. इथवर आल्यावर अंड्याचं अंडंपण, दुधाचं दूधपण काहीही उरत नाही. रक्तातल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या रेणूला तो कोंबडीकडून आला की शेंगेतून, हे सांगता येणार नाही. आणि मुक्कामाला पोचायच्या आधी वाटेत जकात आहेच. आतड्याचं अस्तर सतत झिजत असतं, ते स्वतःसाठी वाटा काढून घेतं. मग यकृत. तिथे बऱ्याच अमिनो आम्लांची छाननी होते, काहींचं तिथेच दुसरं काही केलं जातं. ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन या तिघांना मात्र यकृत फारसं अडवत नाही, कारण त्यांना हाताळायचं पहिलंच विकर त्याच्याजवळ पुरेसं नसतं. ती तिघं पुढे स्नायूंपर्यंत जातात. हे वाचताना मला उगाच बरं वाटलं होतं. निदान तिघं तरी माझ्या मांडीकडे निघाली होती.

आईचा प्रश्न एकेकाळी मोठमोठ्या माणसांनी मोठ्या गांभीर्यानं विचारलेला आहे. १८३८ साली मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञानं, बर्झेलियसनं सुचवलेलं 'प्रोटीन' हे नाव छापलं. ग्रीक शब्दाचा अर्थ अव्वल, पहिल्या मानाचं. मान इतका मोठा की पुढे लीबिगसारख्या दिग्गज जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ठरवूनच टाकलं की स्नायू काम करतात ते स्वतःतलं प्रथिन जाळून, आणि खाल्लेलं प्रथिन ती झीज भरून काढतं. १८६५ च्या ऑगस्टमध्ये फिक आणि विस्लिसेनस या दोघा प्राध्यापकांनी हे पडताळायला स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न डोंगर चढायचं ठरवलं. आदल्या दुपारपासून प्रथिन बंद. खायला पिठूळ स्टार्चच्या चरबीत तळलेल्या वड्या. तळ्याच्या काठापासून १,९५६ मीटर उंची चढून गेले, वाटेतली सगळी लघवी बाटल्यांत जमवत. मला या प्रसंगातलं शास्त्र कळायच्या आधी त्या बाटल्याच दिसतात. दोन दाढीवाले गृहस्थ, पाठीवर ओझं, आणि मधेच थांबून एकमेकांकडे पाठ करून उभे. प्रथिन जळलं की त्यातला नायट्रोजन लघवीत उतरतो, त्यावरून त्यांनी किती प्रथिन जळलं ते काढलं. त्यातून मिळालेली ऊर्जा चढाईच्या कामाला पुरतच नव्हती. स्नायू मुख्यतः स्निग्ध आणि पिष्ट पदार्थांवर चालतात, स्वतःला जाळून नाही, हे त्या बाटल्यांनी सांगितलं.

यातून एक वेगळाच गैरसमज घट्ट झाला. स्नायू स्वतःला जाळत नाही, म्हणजे तो एकदा बांधला की यंत्रासारखा तसाच राहत असणार, खाण्यातून फक्त थोडी डागडुजी होत असणार. १९३० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ शोएनहायमर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना खुणेचं ल्यूसिन खाऊ घातलं. खूण म्हणजे नेहमीपेक्षा जरा जड असा नायट्रोजन-१५. उंदीर मोठे झालेले, वजन स्थिर, वाढायचं काही शिल्लक नाही. तेव्हा खाल्लेला बहुतेक नायट्रोजन लघवीतून बाहेर यायला हवा होता. आला तो थोडाच. निम्म्याहून अधिक उंदरांच्या शरीरातल्या प्रथिनांत जाऊन बसला होता, आणि त्याच मापानं आधीचा तिथून उठून गेला होता. बाहेरून उंदीर जसाच्या तसा, आत माणसं बदलत राहणारं बिऱ्हाड.

आपल्यातही तेच चालतं. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात रोज २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडलं जातं आणि जवळजवळ तेवढंच पुन्हा बांधलं जातं. खातो आपण त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढं. बाकीचा माल मोडलेल्यातलाच. स्नायूंचा वेग सावकाश, दिवसाला एक ते दोन टक्के, पण सहा आठवड्यांत तोही फार होतो. पलंगावर पडल्या पडल्या मी कागदावर हिशेब मांडत बसले आणि पेन थांबलं.

ज्या पायाला प्लॅस्टर घातलं होतं, पुरता तोच पाय त्यातून बाहेर आलेला नव्हता.

मोडण्याचं काम शरीर आळसानं करत नाही, हे मला विशेष खटकलं. एखादं प्रथिन टाकून द्यायचं ठरलं की त्याला युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाची चिठ्ठी चिकटवतात आणि चिठ्ठी लागलेला ऐवज एका पिंपासारख्या यंत्रणेत तुकडे व्हायला जातो. ही चिठ्ठीची भानगड उलगडणाऱ्या तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चिठ्ठी चिकटवायलाही ऊर्जा खर्च होते. म्हणजे माझी मांडी झिजून गेली, विरघळली, हे सगळे शब्द चुकीचे. ती पद्धतशीर, पैसे मोजून, नोंद करून उतरवली गेली. आणि बांधणंही तितकंच खर्चिक. साखळीत एक अमिनो आम्ल जोडायला ऊर्जेची चार नाणी मोडावी लागतात, आणि आपल्या पेशींत साखळी विणणारा रायबोसोम सेकंदाला पाच-सहाच्या गतीनं जोडत जातो. स्नायूंमध्ये टायटिन नावाचं एक अगडबंब प्रथिन आहे, जवळजवळ ३४,००० अमिनो आम्लांचं. या वेगानं त्याची एक साखळी पुरी व्हायला दीड-दोन तास लागतात. आई दुपारी झोपून उठते तेवढ्या वेळात एक टायटिन.

मग माझ्या डाव्या पायात बांधणं थांबलं का? थांबलं नाही, मंदावलं. न वापरलेल्या स्नायूत नुसतं उपाशीपोटीचं बांधकाम कमी होतं असं नाही, जेवल्यावर जी उसळी यायला हवी तीही बोथट होते. म्हणजे अंड्यातलं ल्यूसिन दारापर्यंत येतं आणि आतून कुणी फारशी दखल घेत नाही. धडधाकट तरुणांच्या पायाला नुसतं पाच दिवस प्लॅस्टर घालून बघितलं तर मांडीच्या स्नायूचा आडवा छेद साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटतो. पाच दिवस म्हणजे काहीच नाही. माझे पाच दिवस तर 'आंघोळ कशी करायची' यातच गेले होते. त्यातून हाड मोडलेलं. १९३० च्या सुमारास ग्लासगोत डेव्हिड कथबर्टसन हाडं मोडलेल्या रोग्यांच्या लघवीतला नायट्रोजन मोजत होता. त्याला दिसलं की जो नायट्रोजन निघून जातोय तो जखमेच्या जागी नासलेल्या मांसापेक्षा कितीतरी जास्त आहे. जखम एका जागी, पण मोडतोड सगळ्या अंगाच्या स्नायूंत. शरीराला प्रथिनांचं वेगळं कोठार नाही. चरबीसाठी आहे, साखरेसाठी लहानसं आहे. प्रथिनं हवी असतील तर स्नायूंकडेच हात पसरायचा. रोजच्या रात्रीच्या उपासातही स्नायू थोडी अमिनो आम्लं सोडत असतात, त्यातल्या अ‍ॅलनिनची यकृत साखर करतं. संकट आलं की हा हात सैल सुटतो.

यात रागवण्यासारखं काही नाही, हे कळतं. मोडकं हाड, सूज, जखमेची निगा, प्रतिकारशक्ती, सगळ्यांना माल हवा होता आणि तो ज्या पायाला पुढचे सहा आठवडे काही काम नव्हतं त्यानं पुरवला. शहाणा संसारी माणूसही हेच करेल, न वापरलेली खोली रिकामी करून तिची कवाडं चुलीत घालेल. तरी पायाकडे बघितलं की कुणीतरी मला न विचारता घरातली वस्तू विकल्यासारखं वाटायचं. मी रात्री पांघरुणाखाली हात घालून दोन्ही मांड्या चाचपून बघायचे. उजवी ओळखीची होती. डावीवर हात ठेवताना दुसऱ्या कुणाला तरी हात लावल्यासारखं व्हायचं.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिला व्यायाम दिला तो इतका क्षुल्लक होता की मला हसू आलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. एवढंच. "दाबा," त्या म्हणाल्या. मी दाबलं. काहीच झालं नाही. मेंदूतून निरोप सुटल्याचं जाणवलं, पायात तो पोचल्याचं नाही. उजव्या पायाला सांगितल्याबरोबर वाटीच्या वर मांडी टणक उठून आली. डावीवर डोळे रोखून मी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा दाबलं, आणि पाचव्या वेळी कातडीखाली काहीतरी हललं. झोपलेल्या मुलानं हाक ऐकून नुसती पापणी हलवावी तसं. त्यांनी माझं बोट धरून तिथे टेकवलं. "हे. याला उठवायचंय. याच्याशी बोलत राहा. आणि जेवण त्याच्या आगेमागे ठेवा, उपाशीपोटी नको."

उपाशीपोटी का नको, ते नंतर वाचलं. ताण देणारा व्यायाम केला की स्नायूत बांधणं वाढतं, पण मोडणंही वाढतं. पोट रिकामं असेल तर जमाखर्च व्यायामाआधीपेक्षा सुधारतो, तरी उण्यातच राहतो. शिल्लक पडायला खाणं लागतं. उलट नुसतं खाल्लं तर बांधणं वाढतं ते दोन-तीन तास. रक्तात अमिनो आम्लं अजून भरपूर असली तरी स्नायू 'पुरे' म्हणतो. पोट भरतं तसा स्नायूही भरतो, आणि भरल्यावर आग्रह चालत नाही. व्यायाम केलेल्या स्नायूची मात्र भूक चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त काळ टिकते. २०२३ साली एका प्रयोगात व्यायामानंतर एका बैठकीत १०० ग्रॅम दुधातलं प्रथिन दिलं, तर बारा तासांनंतरही ते वापरलं जात होतं. तेव्हा 'एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅमच्या वरचं वाया जातं' हे जिममधलं ब्रह्मवाक्य तितकंसं खरं नाही. माझा भाचा ते ब्रह्मवाक्य सांगायचा आणि वर दिवसातून चार वेळा डब्यातली पावडर बाटलीत घालून खडखड हलवायचा. त्याला मी एकदा सांगून पाहिलं की ताण देणारा व्यायाम करणाऱ्यांचे अनेक अभ्यास एकत्र करून बघितले, तर दिवसाला अंगच्या वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनाच्या आसपास फायदा थांबतो. वरच्याचं यकृत युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. बाटली थांबली नाही. सतराव्या वर्षी कोण थांबलंय?

ही भूक लागल्याची वर्दी पेशीत एक यंत्रणा देते, तिचं नाव एमटॉर (mTOR). ल्यूसिन आलं की ती जागी होते, स्नायूवर ताण आला की तीच. बाकीची अमिनो आम्लं विटा असतील तर ल्यूसिन ही वीट तर आहेच, शिवाय मुकादमाला हाक मारणारंही तेच. या नावातला 'आर' रापामायसिन या औषधाचा, आणि रापामायसिनमधलं 'रापा' हे रापा नुई बेटाचं. १९६४ साली गेलेल्या एका मोहिमेनं तिथली माती आणली, तिच्यातल्या जिवाणूत हे औषध सापडलं. पुढे काम बंद पडलं तेव्हा सुरेन सेहगल या शास्त्रज्ञानं ते जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले, म्हणून आज ते नाव तरी आहे. औषध ज्या रेणूला गाठून पेशींची वाढ अडवतं, तो रेणू म्हणजे एमटॉर. माझ्या मांडीतल्या मुकादमाचं नाव समुद्राच्या मधोमध असलेल्या बेटावरून पडलं आहे, ही गोष्ट मी टॉवेल दाबताना आईला सांगितली. ती म्हणाली, "आकडे मोजायचे राहिले तुझे."

मोजताना एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला नको इतका उशीर झाला. एका सकाळी मी कुबडीवरून स्वयंपाकघरात गेले. आई सहसा येऊ देत नसे. भांड्यात दोन अंडी उकळत होती.

दोनच. सहा आठवडे दोन्ही माझ्या ताटलीत येत होती. "तुझं कुठं आहे?" म्हटलं तर तिनं हात झटकला. "मला नको. माझं काय वाढायचंय आता?"

हे वाक्य तिनं आधीही शंभरदा म्हटलं असेल. दुधाचा पेला माझ्याकडे सरकवताना, वाटीतली उसळ माझ्या वाटीत उलटी करताना. मी प्रत्येक वेळी घेत गेले. मी आजारी होते, ती नव्हती. पण शोएनहायमरच्या उंदरांचंही काही वाढायचं राहिलेलं नव्हतं. वाढायचं नसलं तरी रोज मोडतं ते रोज बांधावं लागतंच, आणि वय झालेला स्नायू या बाबतीत माझ्या प्लॅस्टरमधल्या पायासारखा असतो. हाक ऐकू येत नाही. तरुण स्नायू एका जेवणात अंगच्या वजनाच्या किलोमागे ०.२४ ग्रॅम प्रथिनाला पूर्ण जागा होतो, सत्तरीच्या पुढे त्याला ०.४ च्या आसपास लागतं. आईचं वजन ५५ किलो. एका जेवणाला २२ ग्रॅम, म्हणजे अंड्यांत मोजायचं तर साडेतीनच्या वर. आणि ती बाई सकाळी एक कप चहा घेऊन माझ्यासाठी अंडी सोलत उभी होती. कमी लागणाऱ्याला जास्त आणि जास्त लागणाऱ्याला काहीच नाही, असा आमच्या घराचा आहार सहा आठवडे बिनबोभाट चालला होता.

त्या दिवसापासून मी तिला बघायला लागले. म्हणजे बघत होतेच, पण आता फिजिओथेरपिस्ट बाईंच्या नजरेनं. खुर्चीतून उठताना ती आधी पुढे सरकते, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवते, "आई गं" म्हणते आणि मग उठते. त्र्याहत्तराव्या वर्षी स्वतःच्या आईला हाक. मला ते नेहमी गोड वाटायचं. आता दिसायला लागलं की ती मांड्यांनी उठतच नाही, दंडांनी उठते. दंडाची कातडी बाहीखाली सैल लोंबते. बरणीचं झाकण गेली दोन-तीन वर्षं माझ्याकडे येतं, "तुझा हात घट्ट आहे" असं सांगून. या सगळ्याला १९८९ साली आयर्विन रोझेनबर्गनं सार्कोपेनिया असं नाव सुचवलं. ग्रीकमध्ये मांसाचं दारिद्र्य. मराठीत 'वय झालं' एवढ्यात आपण ते उरकतो. आनंद झाला की अंगावर मूठभर मांस चढतं म्हणणारी ही भाषा, रोज चिमूटभर उतरतं त्याला मात्र शब्द देत नाही. किंवा देत असेल, मला ठाऊक असलेल्या आयांनी तो वापरलेला मी ऐकला नाही.

आता आम्ही दोघी समोरासमोर खुर्च्या मांडून बसतो. हात छातीवर घडी घालून उठायचं, बसायचं. मला पाच वेळा जमतं, डावा पाय थरथरत. आईला पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही. तिनं दोनदा जोर केला, मागे पडली, आणि हसायला लागली. मग खुर्चीवर उशी ठेवली. उशी ठेवल्यावर दोनदा. आता बिनउशीचं एकदा होतं, पण ते माझं लक्ष नसताना झालं असा तिचा दावा आहे. भांड्यात पाच अंडी असतात. तीन तिची. "तीन म्हणजे फारच होतात गं," ती रोज म्हणते, आणि दोन खाऊन तिसरं माझ्या ताटलीत सरकवायला बघते. आमची सकाळ बरीचशी त्या तिसऱ्या अंड्यावरून भांडण्यात जाते.

काल माझ्या मांडीचं माप घेतलं. दोन महिन्यांत ४४ चे ४६ झाले. टेप गुंडाळून ठेवत होते तर आईनं खुर्चीत बसल्या बसल्या साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाय पुढे केला. "माझाही मोज." मी खाली बसले. उतारवयात मांडीपेक्षा पोटरी मोजणं सोपं, आणि बायकांची पोटरी ३३ सेंटिमीटरच्या आत भरली तर सावध व्हावं असा एक निकष मी वाचलेला होता. तिला तो सांगितलेला नव्हता. पोटरी गार होती, कातडी कागदासारखी मऊ. सगळ्यात जाड जागा बोटांनी शोधून तिथे टेप फिरवली. ३० भरली.

"किती?" तिनं वरून विचारलं.

टेप कुठे पिळली गेली असेल म्हणून मी ती सोडली, सरळ केली आणि पुन्हा लावली.